टोक आतल्या अंगाला

निफाड तालुक्यात धारेशिवाय एकही पीक घरी येत नाही. कांद्याच्या पातीला विळा, उसाला कोयता, द्राक्षाला कात्री. द्राक्षाला तर वर्षातून दोनदा, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, शिवाय घडांच्या विरळणीला बारीक टोकाची कात्री वेगळीच. पेठ-सुरगाण्याकडून छाटणीच्या टोळ्या येतात तेव्हा पिकअपच्या हौद्यात माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली असतात. बाया, गडी, मांडीवर लेकरं. जितकी माणसं तितक्या कात्र्या त्या हौद्यात असतात आणि त्यातली एकही दिसत नाही. प्रत्येक कात्रीचा खटका लावलेला, ती फडक्यात गुंडाळलेली, आणि ते फडकं भाकरीच्या पिशवीत नाही तर कमरेच्या केळ्यात, टोक आतल्या अंगाला करून. गाडी खड्ड्यातून उसळते, माणसं एकमेकांवर कलंडतात आणि कुणाला काही लागत नाही.

मी पुढे हिमालयात गेले, बर्फावर चालायला शिकले, आणि तिथे दिलेल्या सूचना ऐकताना मला सारखा हा हौदा आठवत राहिला.

आमच्या घरी धारेचे नियम फार कडक होते. कात्री उगाच वाजवायची नाही, भांडणं होतात. विळीचं काम झालं की ती तशीच उभी ठेवायची नाही, पातं मिटायचं किंवा विळी आडवी करायची. विळा कुणाला देताना हातात द्यायचा नाही, जमिनीवर ठेवायचा आणि समोरच्याने उचलायचा. फारच घाई असेल तर आजी म्हणायची, "पातं आपल्याकडं, मूठ दुसऱ्याकडं." शेतातून परतताना विळा खांद्यावर टाकून चालणाऱ्या गड्याला ती वाटेत थांबवायची, कारण त्याच्या मागून कुणी ना कुणी चालत असायचं. या सगळ्याला शुभ-अशुभाची कारणं दिली जायची. मला वाटतं, ज्या घरात लहान मुलं आणि धारदार अवजारं एकाच ओसरीवर नांदतात तिथे नियम पाळला जावा म्हणून त्याला अशुभाची भीती जोडावी लागली असेल. मी आजही कात्री वाजवत नाही.

बर्फावरच्या चढाईचं सामान पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात शेतीची अवजारं दिसतात आणि त्याचं काही चुकत नाही. आइस अ‍ॅक्सच्या डोक्याला एका बाजूला लांब दातेरी चोच असते, तिला पिक म्हणतात. दुसऱ्या बाजूला बर्फात पायरी खणायला कुदळीसारखं रुंद पातं, आणि दांड्याच्या तळाशी बर्फात रुतवायचा अणकुचीदार भाला. एकोणिसाव्या शतकात आल्प्समधल्या वाटाड्यांची लांब काठी आणि बर्फात पायऱ्या पाडायची छोटी कुऱ्हाड एकत्र येऊन हे अवजार झालं. बुटांखाली बांधायच्या क्रॅम्पॉनची गोष्ट तर थेट लोहाराच्या भात्यापाशी जाते. इंग्रज गिर्यारोहक ऑस्कर एकेनस्टाइनने १९०८ साली दहा दातांच्या क्रॅम्पॉनचा आराखडा केला आणि तो घेऊन तो इटलीतल्या कुर्मायेर गावी आंरी ग्रिव्हेल या लोहाराकडे गेला. ग्रिव्हेल घराणं १८१८ पासून त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना अवजारं घडवून देत होतं. १९२९ साली लोराँ ग्रिव्हेलने पुढच्या बाजूला आणखी दोन दात जोडले, ते बुटाच्या नाकाच्याही पुढे येणारे, आणि उभ्या बर्फावर पायऱ्या न खणता चढणं शक्य झालं. आमच्याकडे रस्त्याकडेला पाल ठोकून विळे-खुरपी घडवणाऱ्या घिसाडी माणसाच्या ऐरणीसमोर मी तासन् तास बसले आहे. कुर्मायेरच्या त्या भट्टीसमोर बसायलाही मला फार आवडलं असतं.

त्या दोन दातांनी काय केलं ते १९३८ साली आल्प्समधल्या आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर दिसलं. हेकमायर आणि फ्योर्ग या गिर्यारोहकांच्या बुटांना बारा दातांचे नवे क्रॅम्पॉन होते. आदल्या दिवशी भिंतीला लागलेल्या जोडीतल्या हाररच्या बुटांना क्रॅम्पॉनच नव्हते. मागून आलेल्यांनी पुढच्यांना गाठलं आणि चौघं मिळून माथ्यावर गेले.

पण ही सगळी टोकं उपयोगी पडतात ती बर्फावर. निफाडहून बर्फ फार लांब आहे. आधी रेल्वे, मग पहाडी रस्त्याची बस, मग टपावर सामान बांधलेली जीप, मग खेचर किंवा माणसाची पाठ, मग स्वतःची पाठ. या सबंध प्रवासात त्या टोकांचा कुणालाही उपयोग नसतो आणि अपाय मात्र कुणालाही होऊ शकतो. ओझरचं विमानतळ आमच्या जवळच आहे. तिथून दिल्लीला उडायचं ठरवलं तर आइस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन, आइस स्क्रू सगळं सामानात द्यावं लागतं, जवळ ठेवता येत नाही. विमानतळावर तपासणी असते. जीपच्या टपावरचं सामान मात्र कुणी तपासत नाही, तिथे बांधणारीलाच विचार करावा लागतो.

क्रॅम्पॉनची जोडी भरताना दोन्हींचे दात एकमेकांत गुंतवायचे, म्हणजे टोकं समोरासमोर येऊन आत जातात आणि बाहेरच्या अंगाला सपाट बाजू उरते. पट्ट्या आत दुमडायच्या, कारण लोंबणारी पट्टी ओढताना अख्खी जोडी बाहेर येते आणि दात कशात तरी अडकतात. त्यावर रबरी टोप्या किंवा जाड कापडाची थैली. ही थैली सॅकच्या झाकणाखाली वरती किंवा बाहेरच्या खिशात. स्लीपिंग बॅग, पिसांचं जॅकेट, पाण्याची पिशवी आणि हवेची गादी यांच्या शेजारी कधीच नाही. फाटलेलं जॅकेट दिसतं तरी. गादीला पडलेलं भोक रात्री पाठ बर्फावर टेकल्यावर कळतं, आणि तोवर तंबूबाहेर वारा सुरू झालेला असतो. आइस स्क्रू ही दातेरी तोंडाची पोकळ पोलादी नळी, तिच्या तोंडावर टोपी घालून ती वेगळ्या गुंडाळीत. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर जाणाऱ्यांच्या मेखा आणि हातोडा यांनाही हेच लागू. मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीला जायचं म्हणून लोकल गाडीत चढलेल्या सॅकेतून हातोड्याचं टोक बाहेर डोकावत असेल तर बसाल्टच्या भेगेआधी ते कुणाच्या तरी बरगडीला भेटेल.

दोराची थैली वेगळी, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दोरावर पाय द्यायचा नाही ही पहिल्या दिवसाची शिकवण असते, मग पायात क्रॅम्पॉन असोत वा नसोत. आमच्याकडे अवजाराला पाय लागला की हात लावून नमस्कार करतात, त्यामुळे मला ते शिकायला वेळ लागला नाही. पण जमिनीवर इतका जपलेला दोर लोक सॅकेत नेमका क्रॅम्पॉनला खेटून भरतात. दिवसभर चालताना पावलागणिक तो थोडा थोडा घासला जातो. दोरावर एक माणूस लटकणार असतो आणि बहुधा तो दोर भरणारा नसतो.

आइस अ‍ॅक्स सॅकेच्या बाहेर लावतात. सॅकेच्या तळाशी फासा असतो. दांडा वरून त्यात घालायचा, मग अ‍ॅक्स उलटी फिरवायची म्हणजे डोकं खाली अडकतं आणि दांडा वर येतो, तो वरच्या पट्ट्याने आवळायचा. चोच सॅकेच्या मध्याकडे वळवायची, बाहेर नाही. आता भाल्याचं टोक वर आलेलं असतं, साधारण मागच्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, आणि तुम्ही बुटाची नाडी बांधायला वाकलात की ते पुढेमागे झुलतं. बसमध्ये चढताना, चहाच्या टपरीच्या बुटक्या दारातून शिरताना, डोळे असतात ते मागच्याचे. म्हणून त्या टोकाला टोपी हवी. चोचीला आणि पात्यालाही हवी. सॅक अंगावरून काढून धपकन टाकायची सवय मोडायला हवी. अनेकांना ही सगळी किरकिर वाटते. मला ती किरकिर करणारी माणसं मोहिमेत आवडतात.

आणि सगळ्यांत जास्त विचार मी पोर्टरचा करते. आपण घरी, पंख्याखाली, गादीवर पसरून सामान भरतो. तळछावणीपर्यंत ती बॅग ज्याच्या पाठीवर जाते त्याने ती भरलेली नसते. टोक कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्या अंगावर आपल्यासारखी गादी लावलेली सॅक नसते, दोरी असते आणि पातळ स्वेटर असतो. नाला ओलांडताना तो दगडावर घसरला तर आपल्या बॅगेतला क्रॅम्पॉन कुठे जाईल याचा हिशोब त्याच्या वतीने आपणच घरी बसून करायला हवा. त्याच्या पाठीवर जाणाऱ्या बॅगेत धारदार वस्तू पाठीकडच्या अंगाला नकोत, तळाशी नकोत, मध्यभागी मऊ कपड्यांच्याही आत नकोत, कारण मऊ कपडे चालता चालता सरकतात. त्या वेगळ्या जाड थैलीत, बाहेरच्या बाजूला, आणि बॅग त्याच्या हवाली करताना हात लावून सांगायला हव्यात की इथे लोखंड आहे. भाषा येत नसली तरी हे सांगता येतं.

इतकं झाकायचं, पण पुरून ठेवायचं नाही. ही दुसरी बाजू तितकीच मोलाची आहे. १० ऑगस्ट १९५३ रोजी के-टूवर वादळात आजारी सहकाऱ्याला खाली आणताना अमेरिकन तुकडीतला एक जण घसरला, दोर एकमेकांत गुंतले आणि एकामागून एक माणसं खेचली गेली. पीट शोनिंग नावाच्या तरुणाने दगडामागे रोवलेल्या लाकडी दांड्याच्या अ‍ॅक्सच्या आधाराने तो सगळा भार दोरावर पेलला. ती अ‍ॅक्स आज कोलोरॅडोतल्या गोल्डन गावच्या संग्रहालयात आहे. अ‍ॅक्स ज्या क्षणी लागते तेव्हा ती हातात असावी लागते. म्हणून बर्फाची चढण दिसू लागली की, ती सुरू होण्याआधी, सपाट जागी थांबायचं, टोप्या काढायच्या, त्या खिशात बंद करायच्या, क्रॅम्पॉन बांधायचे. चढणीवर अर्ध्यात उभं राहून सॅक उघडणाऱ्याचा तोल जातो. बर्फ आणि खडक आलटून पालटून येत असतील तर काही जण अ‍ॅक्स पाठ आणि सॅक यांच्या मधे तिरकी सरकवतात. सोयीचं आहे, पण बसण्याआधी ती काढायचं भान असेल तरच. रात्री क्रॅम्पॉन तंबूत आणायचे नाहीत. बाहेर अ‍ॅक्स उभी रोवून तिला अडकवून ठेवायचे, म्हणजे रात्रीच्या बर्फात गाडले गेले तरी सकाळी सापडतात, आणि ही जागा अंधारात लघवीला उठणाऱ्याच्या वाटेवर नको.

१९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमीच्या आठ जणांनी तो माथा गाठला. आता आमच्याकडची मुलंमुलीही गिर्यारोहण शिकायला उत्तरकाशीची वाट विचारतात. त्यांना शिखरांचे फोटो आधी दिसतात, हे साहजिक आहे. मी त्यांना माझ्या माळ्यावरच्या थैल्या दाखवते.

घरी परतल्यावर टोप्या काढून टाकायच्या, कारण ओल्या रबराखाली पोलाद गंजतं. निफाडची थंडी कोरडी, पाऱ्याला कधी दोन-तीन अंशांवर नेणारी, पण पावसाळ्यात माळ्यावरची हवा दमट असते. सामान कोरडं करायचं, धातूवर तेलाचा हात फिरवायचा, दोरापासून दूर ठेवायचं, कारण दोराला तेल नको. धार बोथटली असेल तर हाताने कानस मारायची. मशीनच्या चाकावर धरलं की टोक तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं, हे घिसाडी काका कात्रीबद्दल सांगायचे आणि क्रॅम्पॉनबद्दलही तेच खरं आहे. खंडेनवमीला हे सगळं छाटणीच्या कात्र्यांशेजारी पाटावर मांडतो, झेंडू वाहतो.

यंदा धाकटा चुलतभाऊ लडाखमधल्या एका शिखरावर निघाला आहे. माझे क्रॅम्पॉन त्याने त्याच्या बुटांना लावून पाहिले, लांबी जुळवली. अ‍ॅक्सच्या चोचीची टोपी हरवली होती. बागेत ठिबकच्या जुन्या नळ्यांचं भेंडोळं पडलेलं असतं. त्याने त्यातला वीतभर तुकडा कापला, उभा चिरला आणि अ‍ॅक्सच्या चोचीवर दातांसकट चढवून वर रबर गुंडाळलं. घट्ट बसली. सॅक भरून झाल्यावर मी ती त्याच्या पाठीवर दिली नाही. धाकट्या बहिणीला बोलावलं, तिच्या पाठीवर चढवली आणि म्हटलं, वाक, बस, वळ, पायऱ्या चढून ये.

"ताई, कमरेच्या वर काहीतरी टोचतंय," ती म्हणाली.

आम्ही सॅक उतरवली आणि पुन्हा सगळी रिकामी केली.