सोल्युशनची डबी

माझ्या सायकलच्या सीटखालच्या पिशवीत सोल्युशनची एक गंजलेली डबी असते. ती माझी नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी, जानेवारीच्या अखेरीला मी उजनी धरणाच्या काठावर एक रात्र काढायची म्हणून निघालो. कॅरियरला तंबू, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि स्लीपिंग बॅगऐवजी चादर. सोलापूरच्या माणसानं दुसरं काय न्यायचं? पहाटे पाचला घर सोडलं. मोहोळ, टेंभुर्णी हा हायवेचा भाग सांगण्यासारखा नाही. टेंभुर्णीनंतर करमाळ्याचा रस्ता धरला आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी घेरलं. दोन-दोन ट्रॉल्या, डेकवर ठणाणा गाणी, त्यामुळे मागून कोण येतंय हे ड्रायव्हरला कळण्याचा प्रश्नच नव्हता. कंदरच्या केळीच्या बागा लागल्या, तेव्हा शंभरेक किलोमीटर झाले होते. तिथून डावीकडे, पाण्याकडे जाणारी गाडीवाट धरली.

त्या वाटेनं घात केला. वेड्या बाभळीचे काटे. एकाच चाकात तीन. नव्या पद्धतीचे आयते चिकटणारे पॅच मोठ्या कौतुकानं घेतले होते, ते हवा भरली की सुटायचे. जुनी सोल्युशनची ट्यूब उघडली तर आत वाळून खडा झालेला. सायकल ढकलत काठावर पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग उभी होती. शंभर किलोमीटर त्यांच्यासाठीच आलो होतो, पण खरं सांगतो, माझं लक्ष चाकाकडे होतं.

पाण्यातून एक माणूस काठाकडे येत होता. होडीत नव्हता. ट्रकची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर बसून हातानं पाणी मारत जाळं लावून परतत होता. त्यानं आधी माझं चाक पाहिलं, मग मला.

"काटा व्हय? थांबा."

ज्याचा जीव रोज एका ट्यूबवर तरंगतो, त्याच्या खोपीत सोल्युशन असणारच. हे मला का सुचलं नाही कोण जाणे. त्यानं जुन्या ट्यूबचे तुकडे कापले, कानशीनं घासले, सोल्युशन लावून वाळू दिलं आणि तिन्ही पंक्चरं काढली. मी त्याला मामा म्हणू लागलो होतो. पाकीट काढलं तर तो म्हणाला, "आत ठेवा त्ये. आन् ही डबी ऱ्हाऊ द्या जवळ, वाटंत परत काटं हायत."

तंबू त्याच्याच खोपीशेजारी ठोकला. बाटली भरायला पाण्याकडे निघालो, तर त्याच्या आईनं हाक मारली. "लेकरा, त्ये पिऊ नगं. वरच्या शहरांची घाण हाय त्यात. आमी बोअरचं पितो."

"आजी, सोलापूरला आमच्या नळाला हेच येतं. शुद्ध करून येतं, इतकंच."

आजी क्षणभर थांबल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "म्हंजे आमचं गाव पिता व्हय तुमी!"

रात्री चिलापीचं कालवण आणि गरम भाकरी झाली. आजी अंधारात पाण्याकडे बोट करून सांगत होत्या: तिथं वेस, तिथं खळं, पलीकडे सासऱ्यांची विहीर. धरण 1980 साली पुरं झालं, त्याच्याआधीच गाव उठलं. बदल्यात दूर कुठेतरी माळरान मिळालं. ते पिकेना म्हणून घर पुन्हा काठाला आलं. पाणी हटलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीत ही मंडळी गाळपेर करतात. त्या वर्षी हरभरा होता. एकेकाळच्या स्वतःच्याच जमिनीत, पाण्याच्या मर्जीनं.

मी चादरीत कुडकुडत पडलो. काठावरचं दव काय असतं हे चादर विणणाऱ्या गावाला ठाऊक नसावं. चार-पाच दिवसांनी नळ येतो म्हणून आम्ही घरी पिंपं भरून ठेवतो आणि तक्रार करतो. ती तक्रार खोटी नाही. पण पिंपात जे भरतो ते कुणाच्या उंबऱ्यावर साचलंय, हे इतकी वर्षं ते पाणी पिऊन मला पहिल्यांदा कळलं.

2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. एकशे सतरा टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून जास्त साठा मृत. वरचा संपला की आकडे शून्याच्या खाली मोजायचे. नवी कोरी डबी घेऊन मी एसटीनं गेलो. त्या उन्हात सायकल हाणायचं वय राहिलं नव्हतं. जुन्या जागी खोप नव्हती. पाण्यामागोमाग ती अर्धा-पाऊण किलोमीटर खाली सरकली होती. मामा भेटले. आता पत्र्याची होडी होती. आजी खोपीच्या दारात एका घडीव दगडावर बसल्या होत्या. नातवानं मोटारसायकलवर नेऊन त्यांना उघडं पडलेलं गाव दाखवलं होतं, येताना घराच्या पायातला तेवढा दगड आणला होता.

मी डबी पुढे केली. मामांनी ती हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि परत दिली. "आता ट्यूब सुटली आमची. तुमालाच लागंल." आजींनी बोअरच्या पाण्याचा तांब्या पुढे केला.

नवी डबी घरी तशीच पडून आहे. सायकलला जुनीच असते, तळाशी थोडं सोल्युशन शिल्लक आहे. उद्या आमचा पाण्याचा दिवस आहे, पहाटे चारला उठायचंय.