नॉर्डलिंगेनचा तट

हाजिमे इसायामा या जपानी चित्रकाराची ‘अटॅक ऑन टायटन’ ही चित्रकथा २००९ ते २०२१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. नरभक्षक राक्षसांच्या भयाने माणसे तीन वर्तुळाकार तटांआड राहतात, असे तिचे कथानक. त्या नगरीचे मूळ जर्मनीतील नॉर्डलिंगेन होय, असे तिचे कित्येक वाचक मानतात. घरच्या मुलांनी हट्ट धरला, म्हणून आम्हीही तेथे गेलो.

१४व्या शतकातील हा तट आजही अखंड उभा आहे. छपराखालच्या वाटेने त्याची पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. नगर ज्या सखल प्रदेशात वसले आहे, तो सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या अशनिपाताने झालेला. आपल्या लोणारसारखाच, परंतु कितीतरी विशाल. संत जॉर्ज यांच्या चर्चच्या दगडांत त्या आघातातून घडलेले सूक्ष्म हिरे आहेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत, हे कळताच मुले हिरमुसली!

आम्हांस मात्र तेथील एक दंतकथा अधिक मोलाची वाटली. १४४० साली शत्रूकडून लाच घेऊन द्वारपालांनी रात्री एक वेस उघडी ठेवली. एक डुकरीण तिला अंग घासू लागली, तसे दार हलले. ते एका बाईच्या दृष्टीस पडले, तिने आरडाओरडा केला आणि नगर वाचले. एवढा भक्कम तट, आणि फितुरी मात्र घरचीच!

चर्चच्या ९० मीटर उंच मनोऱ्यावरून रखवालदार आजही रात्री दहापासून मध्यरात्रीपर्यंत दर अर्ध्या तासाने हाक देतो. आम्ही दहाची ऐकली. मुलांनी साडेदहाचीही ऐकवली.