सागातला ‘क’

पाटीवर एकच अक्षर आहे, आमच्या आडनावाचा ‘क’. वीतभर रुंदीची सागाची फळी, तिच्यात सहा मिलिमीटर खोल कोरलेली खाच आणि त्या खाचेत घट्ट बसलेलं मोरपंखी इपॉक्सी रेझिन. पूर्ण नाव, मजला, खोली क्रमांक यांतलं काहीही तिला सांगायचं नाही. घर कुणाचं ते ओळखीच्या माणसाला कळतं, आणि तेवढं तिला पुरेसं वाटतं.

फळी जुन्या खिडकीची, गाभ्यातल्या लाकडाची. साग स्वभावाने श्रीमंत आणि तुसडा. अंगात तेल मुरलेलं असतं, म्हणून वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पण त्याच तेलापायी तो गोंदालाही सहज जवळ करत नाही. खाचेतून ॲसिटोनचा बोळा फिरवला की बोळा पिवळट होऊन येतो. तो स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं आणि आतलं तेल पुन्हा वर यायच्या आत रेझिनचा पहिला पातळ हात द्यायचा. या घाईला पर्याय नाही.

‘क’ कोरायला अवघड आहे. शिरोरेषा आणि दांडा पट्टी लावून राऊटरने सरळ निघतात, उजवीकडचा कानही फारसा त्रास देत नाही. डावीकडच्या पोटात मात्र लाकडाचं चिंचोक्याएवढं बेट उरतं. ते फळीला फक्त बुडाशी धरून असतं. त्याच्यातले लाकडाचे धागे आखूड असल्यामुळे पातं जरा आडवं भिडलं की टवका उडतो. म्हणून बेटाभोवतीचा शेवटचा मिलिमीटर पटाशीने, धाग्यांच्या कलाने, केसाएवढा काढत जायचा. माझ्या मते पाटीचा सगळा डौल या बेटात आहे. ते गेलं तर उरतो तो रंगाचा डाग.

आद्याक्षरं गुंफण्याची हौस जुनी. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर आपल्या चित्रांवर A च्या दोन पायांमध्ये छोटा D उभा करून सही करायचा. देवनागरीत गुंफण्याची रीत निराळी. दोन अक्षरं एका शिरोरेषेला टांगली की जोडी जमते, आणि आरपार कापलेल्या पाटीत तर शिरोरेषा घराच्या तुळईसारखी सगळा भार पेलते. रोमन अक्षरं तशी कापली तर सुटी होऊन पडतात, त्यांना मागून पट्टी द्यावी लागते.

आता रेझिन. रंग वाळतो तो त्यातला द्रावक उडून गेल्यामुळे. इपॉक्सीतून काही उडून जावं लागत नाही. रेझिन आणि हार्डनर एकमेकांत गुंततात आणि घट्ट होतात. म्हणून माप चोख हवं. डब्यावर दोनास एक लिहिलं असेल तर दोनास एकच. लवकर आवळावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर जोडीदार न मिळालेला भाग तसाच राहतो आणि पाटी कायमची चिकट होते. शिवाय हे द्रव्य एकत्र साचलं की तापतं. उंच पेल्यात ठेवून दिलं तर हात भाजेल इतकं, कधी धूर निघेल इतकं. खाचेत पातळ पसरलं की तेच शांतपणे, सावकाश आवळत जातं. हातमोजे घालायचेच, त्वचेला याचं एकदा वावडं झालं की ते सहसा जात नाही.

आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात दोन नळ्यांत मिळणारं ॲराल्डाइट याच कुळातलं. पिएर कास्ताँ हा स्विस रसायनशास्त्रज्ञ 1930 च्या दशकात कवळीसाठी पदार्थ शोधत होता, त्यातून हे रेझिन पुढे आलं. सीबा कंपनीने 1946 मध्ये ते ॲराल्डाइट नावाने बाजारात आणलं.

ओतायची वेळ मी संध्याकाळची धरतो. लाकूड तापत असताना त्याच्या छिद्रांतली हवा फुगते आणि रेझिनमधून बुडबुडे वर येत राहतात. दुपारी उन्हात ठेवलेली फळी सावलीत निवू लागली की उलट घडतं, ती रेझिन थोडंसं आत ओढून घेते. राहिलेल्या बुडबुड्यांवरून हीट गन लांबून, न थांबवता फिरवायची. पावसाळ्यात आणखी एक खोड दिसते. दमट हवेत हार्डनर वरच्या वर ओलाव्याशी लगट करतो आणि पाटीवर मेणचट पांढुरकी साय धरते. ती आधी पाण्याने धुवायची, मगच घासायचं. नाहीतर पॉलिश पेपर तीच साय सगळीकडे पसरवतो.

घासण्याची पायरी मला सर्वांत आवडते. रेझिन काठोकाठ, किंचित वर भरलेलं असतं. 80 नंबरच्या कागदाने ते फळीच्या पातळीला आणलं की निळा रंग पार मुका होतो, खडूच्या भुकटीने माखल्यासारखा दिसतो. 120, 240, 400 असं चढत जायचं, तोंडाला मास्क लावून. मग तेलाचा बोळा. पहिल्याच हाताला साग मधासारखा उजळतो, निळ्यातली अभ्रकाची पूड जागी होते आणि पोटातलं ते बेट, चारी बाजूंनी निळ्याने वेढलेलं, आपल्या उभ्या धाग्यांसकट स्पष्ट दिसू लागतं.

पाटीला उन्हाचं वावडं आहे. थेट उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं, म्हणून ती जिन्याच्या सावलीतल्या दारावर लागली. पावसाळ्यात साग रुंदीला थोडा फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. त्यामुळे मागची स्क्रूची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवली आहेत.

वहिनीने तिच्या माहेरासाठी ‘ब’ मागितला आहे. पोटात तिरकी रेघ, म्हणजे दोन बेटं, आणि दोन्ही ‘क’च्या बेटाहून लहान. फळी शिसवीची ठरली आहे. तिथे राऊटर फक्त दांड्यापुरता चालवायचा, पोट सगळं पटाशीने.