चिंचगुडीचे तारवाले

गेल्या उन्हाळ्यात नागपूरचा माझा भाचा चार दिवस राहायला आला होता. उकाड्यामुळे आम्ही अंगणात खाटा टाकून पडलो होतो आणि त्याच्या मोबाईलवर एक इंग्रजी गाणे चालले होते. शब्द मला फारसे कळले नाहीत. पण आवाज खेड्यातला होता, खर्जातला, किंचित फाटलेला. आमच्याकडे दंडारीत पहाटेच्या सुमाराला गाणाऱ्याचा गळा बसतो, तसा.

"मामा, हे दरोडेखोराचं गाणं आहे," भाचा म्हणाला.

दरोडेखोर म्हणजे जेसी जेम्स. अमेरिकेतल्या मिझुरीचा, बँका आणि आगगाड्या लुटणारा. ३ एप्रिल १८८२ रोजी त्याच्याच टोळीतल्या रॉबर्ट फोर्डने बक्षिसाच्या लोभाने त्याला पाठीमागून गोळी घातली. लोकांनी लगोलग त्याच्यावर गाणे रचले आणि ते अजून गातात. भाच्याने लावलेली तबकडी मात्र १९८० सालची होती. पॉल केनर्ली या इंग्रज गीतकाराने जेसीची सबंध कथाच गाण्यांत बांधली आहे. त्यात जेसी गातो, त्याचा भाऊ फ्रँक गातो, त्याला आवाज जॉनी कॅशचा. आणि एमिलू हॅरिसच्या गळ्यातून जेसीची बायकोही गाते. याच टोळीने ७ सप्टेंबर १८७६ रोजी नॉर्थफील्डच्या बँकेत हेवूड नावाच्या कर्मचाऱ्याला मारले. त्याने तिजोरी उघडायचे नाकारले होते.

"मग तो हेवूड काय गातो?" मी विचारले.

"तो कशाला गाईल, मामा?" म्हणून भाचा हसला आणि कुशीवर वळला.

मला काही झोप आली नाही. माझी कादंबरी तीन वर्षांपासून नेमकी याच ठिकाणी अडून बसली आहे.

ती कादंबरी बाबूराव शेडमाके यांच्यावर आहे. त्यांची आणि जेसीची बरोबरी मी करणार नाही; एक पैशासाठी लुटत होता, दुसरा परक्या सत्तेशी लढत होता. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा इंग्रजांकडे गेला. मोलमपल्लीच्या या तरुण जमीनदाराने १८५७ च्या सप्टेंबरात पाचएकशे जवानांचा जंगोम दल उभारला आणि पुढच्या मार्चमध्ये राजगड घेतला. कॅप्टन क्रिक्टन याच्या फौजेला त्याने जंगलात पुरते दमवले. शेवटी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी त्याला पकडून इंग्रजांच्या हवाली केले, आणि अडपल्ली व घोटच्या जमीनदाऱ्या त्यांना बक्षीस मिळाल्या. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबूरावांना फाशी झाली. वय अवघे पंचवीस. तुरुंगातल्या त्या पिंपळाला वंदन करायला दर वर्षी त्या दिवशी माणसे जमतात. सरकारने २००९ साली त्यांचे टपाल तिकीट काढले. टपाल आणि तार ही एकाच घरची भावंडे, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नव्हते.

लोक सांगतात, बांबूवरचा ताडवा खाल्ल्याने त्यांच्या अंगी असे बळ आले होते की फास गळ्यावर बसेना. मग त्यांना चुन्याच्या भट्टीत टाकले. या कथेवर मी वाद घालत नाही. पंचवीस वर्षांचा मुलगा एका दोरीने मरतो हे ज्यांना सोसत नाही, ते अशीच कथा रचणार.

अडचण निराळीच आहे. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला. माझ्या कानावर आलेल्या गाण्यांत पिंपळ आहे, फितुरी आहे, चुन्याची भट्टी आहे. हे दोघे नाहीत.

मी हा भाग वर्गात एका दमात शिकवत असे. सत्तावन्नमध्ये तारेने कंपनीला फौजा हलवायला किती हात दिला, म्हणून तार तोडणे म्हणजे शत्रूचे कान तोडणे, वगैरे. मुले माना डोलवत. गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, तार तोडली तं ठीक हाय. तारवाल्यायले काऊन मारलं जी?"

तिचा बाप वीजमंडळात लाइनमन आहे. पावसाळ्यात झाड पडून लाइन गेली की हा माणूस पकड आणि दोर घेऊन एकटा जंगलात शिरतो. या जंगलाने गेल्या चाळीस वर्षांत बंदुकीच्या दोन्ही बाजूंना माणसे गमावली आहेत, आणि कुठल्याच बाजूला नसलेलीही. ती मुलगी इतिहास विचारत नव्हती. मी "पुढच्या तासाला सांगतो" म्हणालो. मास्तर असे म्हणाला की मुलांना काय समजायचे ते समजते.

बाबूरावांचा राग कमी करून लिहावे तर ते खोटे होईल. इंग्रजांनी या मुलखात कुणाला विचारून खांब रोवले? आणि त्या दोघांना नुसते "गोरे" म्हणून दोन ओळींत संपवावे, तर त्या मुलीसमोर मी फळ्याकडे तोंड करूनच उभा राहीन.

भाचा गेला त्या दिवशी मी प्रकरण पुन्हा काढले. हल्ल्याने सुरुवात होती, ती खोडली. आता दुपार आहे. हॉलने नदीवर सदरा धुऊन तंबूच्या दोरीवर टाकला आहे, गार्टलंड सावलीत बसून बूट दुरुस्त करतो आहे. आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात सदरा वाळायला तास पुरतो. मी तो अजून दोरीवरच ठेवला आहे.