जुलैतलं वेंगुर्ला

मोबाइलवर ‘वेंगुर्ला’ शोधलं की आधी बंदरावरचा सूर्यास्त येतो, मग माशाची थाळी, मग ‘दोन दिवसांत काय काय बघाल’ छाप व्हिडिओ. पन्नासेक रील बघून झाल्या तरी मला हवं होतं ते कुणी सांगत नव्हतं. लहान मुलांचा डॉक्टर रात्री किती वाजेपर्यंत भेटतो? पावसाळ्यात सलग किती तास लाइट जाते? पहिलीच्या वर्गात किती पोरं असतात? एप्रिलमध्ये विहिरीला पाणी राहतं का? दोन दिवसांसाठी येणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. आम्हाला लागत होतं, कारण आम्ही तिथं राहायला जायचा विचार करत होतो. आम्ही म्हणजे मी, बायको, चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा.

आम्ही वर्ध्याचे. इंजिनिअरिंग झाल्यावर मी दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो, तो परत गेलोच नाही. मी कुठं बसून कोड लिहितो याच्याशी कंपनीला देणंघेणं नाही. बायको फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. मुलं झाल्यापासून तिचं काम थांबलं होतं. यंदा तिला वेंगुर्ला तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात क्वालिटीच्या कामासाठी विचारणा झाली. काजूवाल्यांसाठी वेंगुर्ला हे मोठं नाव आहे. इथल्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या जाती कोकणभर लावल्या जातात. आजवर आमच्या घरात माझ्या नोकरीचा विचार करून सगळं ठरलं होतं. या वेळी तिची पाळी होती, आणि मला ते मान्य होतं.

दुसरं कारण वर्ध्याचा उन्हाळा. पारा पंचेचाळीसवर गेला की मुलीचं अंगण सकाळी नऊला बंद होतं, ते संध्याकाळी सहाला उघडतं. मधले नऊ तास कूलर, कार्टून आणि रडारड.

आईला दोन्ही कारणं पटली नाहीत. “समुद्र पाहाले जा ना, आठ दिवस राहा. राहाले कायले जाता?” बाबा काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा जास्त बोलतात.

मी एक शीट केली. डाव्या रकान्यात प्रश्न, पुढे वर्धा, त्यापुढे वेंगुर्ला. वर्ध्याचा रकाना दहा मिनिटांत भरला. वेंगुर्ल्याचा भरण्यासाठी जावं लागणार होतं, आणि जुलैतच. डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावरचं कुठलंही गाव छानच दिसतं. राहायचं असेल तर गाव त्याच्या सगळ्यांत अवघड महिन्यात बघावं, आणि तेही कामाच्या दिवशी.

नागपूर–मडगाव विशेष गाडी वर्ध्याला थांबते आणि कुडाळला उतरवते. आठवड्यातून दोनच दिवस असते आणि प्रवास एका दिवसाहून जास्त. धाकट्याला आजीजवळ ठेवलं, मुलीला सोबत घेतलं. तिच्यासाठीच तर बघायला चाललो होतो. तिला सर्दी झाली की छातीत घरघर होते, म्हणून नेब्युलायझरही बॅगेत होता. निघताना वर्ध्यातल्या डॉक्टरांना विचारलं, समुद्राची हवा मानवेल का? ते म्हणाले, “हवेचं मी सांगत नाही. घरात ओल किती आहे ते बघा. भिंतीला बुरशी असेल तर ते घर घेऊ नका.” शीटमध्ये पहिली ओळ ही पडली.

आमच्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही आम्ही आभाळाकडे बघून मोजून घेतो. सिंधुदुर्गात तीन हजारांच्या वर पडतो. वर्ध्यात पाऊस येतो आणि जातो. इथं तो राहायलाच आलेला असतो. पहिल्या दोन दिवसांत आमचे कपडे वाळले नाहीत, पापड मऊ पडले आणि मुलीच्या चित्रकलेच्या वहीची पानं फुगली.

उभादांड्याच्या बाजूला आम्ही तीन घरं पाहिली. पहिलं नवं, सिमेंटचं आणि दिसायला चकाचक होतं. कपाटामागे हात घातला तर भिंत ओली. दुसऱ्याचं भाडं वर्ध्यातल्या भाड्याच्या दुप्पट. मालकाला ते पर्यटकांना द्यायचं होतं आणि तसं त्यानं सरळ सांगितलं. तिसरं जुनं, जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवी आणि खळं. शेजारी मालकीणकाकू एकट्या राहतात. दोन्ही मुलगे मुंबईला.

“खयसून ईलास?” त्यांनी विचारलं. वर्धा म्हटल्यावर थोडा विचार केला. “म्हणजे नागपुराकडे. पावसात ईलास ता बरा केलास. मे म्हयन्यात सगळेच येतत.”

“लाइट जाते का हो काकू?”

“जाता.”

“मग?”

“मग येता.”

शीटमध्ये हे उत्तर भरता येत नव्हतं, म्हणून खोदून विचारलं. वाऱ्यात माडाची झावळ तारेवर पडली की काही तास, मोठं झाड पडलं तर रात्रभर. मे २०२१ च्या तौक्ते वादळात जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी दिवसेंदिवस वीज नव्हती. फायबरची केबलही त्याच खांबांवरून येते. म्हणजे वीज, नेट आणि नेब्युलायझर तिन्ही एकाच फांदीवर अवलंबून. नेब्युलायझर आणि राउटर इन्व्हर्टरवर चालतात, हा हिशोब सोपा आहे. टॉवरची बॅटरी उतरल्यावर काय, याला माझ्याकडे उत्तर एकच होतं: त्या दिवशी सुट्टी.

पाण्याचं त्याहून मजेशीर. डोळ्यांसमोर एवढा पाऊस, आणि काकू म्हणतात मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. आमची काळी माती पाणी धरून बसते, पाय घातला तर चप्पल सोडत नाही. जांभा मात्र सच्छिद्र. पडलेलं पाणी झिरपून समुद्राकडे निघून जातं. म्हणून विहीर असली तरी नगरपरिषदेचा नळ आहे का, हे विचारायचंच.

मागच्या दारी कचऱ्याच्या वेगवेगळ्या बादल्या होत्या. वेंगुर्ला नगरपरिषदेनं कचरा वर्गीकरणात नाव कमावलंय. जुन्या डंपिंग ग्राउंडचं त्यांनी बघायला जाण्याजोगं ठिकाण केलंय आणि ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होतो. बायकोनं विचारलं, डायपर कुठल्या बादलीत? काकू हसल्या. म्हणाल्या, आमच्यावेळी लंगोट होते, आणि ते वाळतही नव्हते.

मुलीचे बूट पडवीत होते. काकूंनी ते उचलून आपटले आणि आत ठेवले. विंचू. कोकणातल्या लाल विंचवानं एके काळी लहान मुलं दगावत. महाडला राहून त्यावर प्राझोसिनचा उपचार बसवणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे मराठवाड्यातले, एमबीबीएस नागपूरला झालेले. त्यांचं संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आता औषध ठाऊक आहे. प्रश्न उरतो तो दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो याचा.

या रकान्यात वर्धा फार पुढे आहे. आमच्या घरापासून सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आठ किलोमीटर. तिथलं मेडिकल कॉलेज १९६९ पासून आहे. रात्री दोन वाजता मुलीला घेऊन निघालो तर वीस मिनिटांत ऑक्सिजन. वेंगुर्ल्यात सरकारी रुग्णालय आहे, खाजगी दवाखाने आहेत. पण मोठं काही झालं की सिंधुदुर्गातली माणसं वर्षानुवर्षं गोव्याला, बांबोळीला जात आली आहेत. २०१८ साली गोवा सरकारनं बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा इथं त्याविरुद्ध आंदोलनं झाली, यावरून काय ते समजा. आता ओरोसलाही सरकारी मेडिकल कॉलेज झालं आहे. आम्ही भाड्याच्या गाडीनं वेंगुर्ला ते ओरोस भर पावसात जाऊन बघितलं. एक तास दहा मिनिटं. मुलगी मागे झोपली होती. घड्याळ बघताना आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

शाळा मात्र आवडली. जिल्हा परिषदेची, कौलारू, भिंतीवर मुळाक्षरं. बाईंनी वर्ग दाखवला: नऊ मुलं. “तुमची आली तर दहा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आग्रह नव्हता, पण आशा होती. पट कमी झाला की शिक्षक कमी होतो, मग शाळेवरच प्रश्न येतो. वर्ध्यात आमच्या मुलीचं नाव घालायला आम्ही रांगेत उभं राहिलो असतो. इथं ती आल्यानं वर्ग दोन आकडी होणार होता.

शिकवण्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. २०२५ च्या दहावीच्या निकालात कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांनी राज्यात पहिला, आमचा नागपूर विभाग ९०.७८ टक्क्यांनी शेवटचा. कोकणानं पहिलं यायची ही काही पहिली वेळ नाही. पण त्याच कोकणात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात कमी झाली. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. मुलं चांगली शिकतात आणि निघून जातात. काकूंचे दोन्ही मुलगे याच शाळेतले.

वेंगुर्ल्यात लहानपण घालवून गेलेल्यांमध्ये एक लांबचं नाव आहे. रॉबर्ट गोहीन. अमेरिकन मिशनरी डॉक्टरांचा मुलगा, जन्म वेंगुर्ल्यातच, १९१९ चा. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, नंतर अमेरिकेचा भारतातला राजदूत. बाहेरून येऊन इथं मुलं वाढवणाऱ्यांमध्ये आम्ही काही पहिले नाही, हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचलं तेव्हा थांबलो. शाळेसाठी त्याला कोडाईकनालला धाडलं होतं आणि पंधराव्या वर्षी तो अमेरिकेला गेला. शंभर वर्षांपूर्वी आईवडिलांनी इथं मोठं घर केलं तरी मुलांचा रस्ता बाहेरच जात होता.

कोकणाला मनीऑर्डरवर चालणारा प्रदेश म्हणायचे. माणूस गिरणीत, पैसा गावात. माझा पगारही बाहेरूनच येणार, फक्त पैशाबरोबर माणूसही इथंच असणार. हे ऐकायला छान आहे, पण त्या दुसऱ्या घराचं भाडं मी विसरलेलो नाही. माझ्यासारखे आणखी पन्नास जण लॅपटॉप घेऊन आले, तर इथल्या शिक्षिकेला, काजू कारखान्यात सोलणी करणाऱ्या बाईला घर कुठल्या भावात मिळेल? पर्यटक दोन दिवसांनी जातो. आपण जात नाही, म्हणून आपला हिशोब वेगळा ठेवायला हवा. ठरवलं की भाडं गावच्या भावानंच द्यायचं, मुलगी गावच्याच शाळेत घालायची आणि दुखलं-खुपलं तर आधी गावच्याच दवाखान्यात जायचं.

समुद्राबद्दल अजून लिहिलंच नाही, कारण आम्ही त्यात पाय घातला नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या. बंदरावरून पाहिलं तर मातकट पाणी आणि सतत गर्जना. मुलगी रडली. “समुद्र बंद आहे?” तिनं विचारलं. हो म्हटलं. मग तिनं एका कोळीणआजीला विचारलं तो कधी उघडतो. आजी म्हणाल्या, नारळी पुनवेक. मुलीला ते पटलं. दुकानाला वेळ असते तशी समुद्रालाही असणार.

भाषेची काळजी बायकोला होती. बाजारात तिनं सांबार मागितला तर भाजीवालीनं हॉटेलकडे बोट दाखवलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मुलीचं मात्र तिसऱ्या दिवशी ‘माझी चप्पल कुठी हाय’चं ‘माझी चप्पल खय’ झालं होतं. ती घरात वऱ्हाडी बोलेल, खळ्यात मालवणी, वर्गात पुस्तकातली मराठी. यात तिचं काही कमी होणार नाही.

वर्ध्याला परतल्यावर शीट आईबाबांसमोर ठेवली. आईनं धाकट्याला कडेवर घेऊनच ऐकलं. ओल: तिसऱ्या घरात कमी. दवाखाना: लांब. शाळा: चांगली. वीज: जाते, येते. नोकरी: तिची, पक्की. आई म्हणाली, “उन्हाळ्यात येऊ आम्ही. पावसात नाही.” म्हणजे एप्रिल-मे चौघांचे सहा होणार, विहिरीचा तळ दिसायच्या महिन्यात. तिसऱ्या घराचा अकरा महिन्यांचा करार आम्ही केला आहे. बायको दिवाळीनंतर रुजू होते, मुलगी जूनपासून शाळेत जाईल.

शीट मुलांसाठी केली होती, म्हणून तिच्यातली सगळी अंतरं मुलांपासून मोजलेली. बाबांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली. सगळ्यांत खाली एक ओळ मी नंतर जोडली होती: बाबांपासून सेवाग्राम आठ किलोमीटर, माझ्यापासून बाबा एका दिवसाहून लांब, तेही गाडी त्या दिवशी असली तर. उजवीकडचा रकाना कोरा होता. बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, काही म्हटलं नाही आणि मोबाइल मला परत दिला.

तो रकाना अजून कोराच आहे. तरी आम्ही जातोय.