वावर किती हाये त्याचं?

परवा चार दिवस माहेरी जाऊन आले. आमचं गाव दारव्ह्याजवळ, यवतमाळ जिल्हा. मे महिन्यात तिकडे जाणं म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. सकाळी नऊनंतर अंगणात पाय ठेववत नाही, आणि दुपारी सगळं गाव दारं लोटून गप्प. अशा वेळी आमच्या घरातल्या बायका ओसरीत चिंचा फोडायला बसतात. हात कामात, तोंड मोकळं.

जाताना पिशवीत एक पुस्तक होतं. नागपूरला रद्दीच्या दुकानात सापडलेलं, कव्हर फाटलेलं, वीस रुपयांचं. जॅनेट डेलीची 'नो क्वार्टर आस्क्ड'. मिल्स अँड बूनची, १९७४ सालची. ही कादंबरी मी कॉलेजात असताना यवतमाळच्या होस्टेलवर वाचली होती. तेव्हा अख्ख्या मजल्यावर ती एकच प्रत फिरायची. एकेकीला दोन रात्री मिळायच्या. मी माझ्या वाट्याची अर्धी 'शकुंतला'त बसून वाचली होती, शनिवारी गावी येताना. ती नॅरोगेज गाडी इतकी सावकाश चालायची की दारव्हा येईपर्यंत नायक-नायिकेचं पहिलं भांडण आटोपायचं. आता ती गाडी बंद आहे, पण ते वेगळं दुःख.

गोष्ट साधीच आहे. वडील गेल्यावर एकटी पडलेली स्टेसी नावाची मुलगी शहर सोडून टेक्सासच्या रानात येऊन राहते. तिथे कॉर्ड हॅरिस नावाचा रँचवाला. उंच, रापलेला, तुसडा. शहरातली पोरगी इथे काय टिकणार, हे त्याचं मत. मग भांडणं, मग गैरसमज, मग जे व्हायचं ते होतं. जॅनेट डेली ही हार्लेक्विनची (मिल्स अँड बून १९७१ पासून यांच्याच मालकीचं) पहिली अमेरिकन लेखिका. रँचवरचं प्रेम मात्र तिने शोधून काढलेलं नाही. १९०२ सालच्या 'द व्हर्जिनियन'मध्येच वायोमिंगचा काऊबॉय आणि बाहेरून आलेली शाळामास्तरीण आहेत. 'रँच रोमान्सेस' नावाचं एक मासिक तर १९२४ ते १९७१ एवढी वर्षं चाललं. म्हणजे तुसड्या रँचवाल्याच्या प्रेमात पडायची सवय चांगली जुनी आहे.

तर वहिनीने विचारलं, "ताई, काय वाचून राहिल्या एवढं?" मी म्हटलं सांगते. आणि चिंचा फोडता फोडता तीन दुपारी मी ती अख्खी कादंबरी वऱ्हाडीतून सांगितली.

श्रोते कोण, तर वहिनी, सत्तरी ओलांडलेली काकू, नागपूरला नर्सिंग करणारी आणि सुट्टीवर आलेली भाची. आणि भिंतीपलीकडे खाटेवर झोपल्याचं सोंग घेतलेला भाचा. वय ३१, लग्न व्हायचंय.

मला वाटलं होतं त्या विचारतील, दिसायला कसा आहे? वहिनीचा पहिला प्रश्न आला, "वावर किती हाये त्याचं?"

म्हटलं, हजारो एकर असेल.

"कोरडवाहू का ओलिताचं?"

म्हटलं, गुरं चरायचं रान आहे ते, पीक नाही घेत.

"कर्ज?"

या कादंबरीत कर्जाची अडचण नाही म्हटल्यावर वहिनी गप्प झाली. मग म्हणाली, "मंग त्याले एवढा राग कायचा येते?"

आम्ही सगळ्या इतक्या हसलो की चिंचेची टोपली कलंडली. पण रात्री गच्चीवर पडल्यावर वाटलं, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, मुळात शांत माणूस. तो वर्षातून दोनदा तुसडा होतो. एकदा जूनमध्ये पेरणीच्या वेळी, आणि एकदा कापूस विकून घरी येतो तेव्हा. त्या रागाचं कारण वहिनीला हिशेबासकट पाठ आहे. कर्ज नसलेल्या माणसाचा राग तिच्या अनुभवातच बसत नव्हता.

काकूचं मत आणखी वेगळं. नायक आधी टाकून बोलतो आणि शेवटी मऊ होतो, हे तिला अजिबात पटलं नाही. "असा बोलनारा मानूस सुधरत नसते माय. पुस्तकात सुधरला असन." एवढंच बोलली आणि चिंचोका बाजूला टाकला. काका कसे होते हे आम्हा सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्यावर कुणी काही बोललं नाही.

इथे मला जॅनिस रॅडवेची आठवण झाली. या अमेरिकन बाईंनी मध्य-पश्चिमेतल्या एका गावातल्या प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांना गाठलं, तुम्ही हे का वाचता असं विचारलं, आणि १९८४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्या बायकांचं म्हणणं साधारण असं, की दिवसभर आम्ही सगळ्यांचं करतो, पुस्तक उघडलं की तो वेळ आमचा. आणि नायक शेवटी हळवा निघालाच पाहिजे, वाईट शेवट आम्हाला चालत नाही. म्हणजे त्यांनाही काकूसारखंच माहीत होतं, की असा माणूस सहसा सुधरत नाही. निदान पुस्तकात तरी सुधरावा एवढीच मागणी. काकूने ती मागणीही सोडून दिली आहे, एवढाच काय तो फरक.

भाची मात्र खूश होती. तिसऱ्या दुपारी म्हणाली, "आत्या, मला तो माणूस नको. मला त्याचं वावर दे, आणि एक घोडा."

आणि भिंतीपलीकडून पहिल्यांदाच आवाज आला. "पाऊस आला का नाई, ते कुठीच लिवलं नाई वो आत्या."

खरंच की! मी पानं चाळून पाहिली. पाऊस असेलही कुठे, पण तो आला नाही तर काय, ही काळजी मला कुठे सापडली नाही. मग मी त्याला सांगितलं की याच टेक्सासात अमेरिकेतला सगळ्यात जास्त कापूस पिकतो, आणि लबकच्या आसपास कितीतरी कापूस आपल्यासारखाच पावसाच्या भरवशावर असतो. तर म्हणतो, "मंग कापसावाल्याची कादंबरी काऊन नाई?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं तर होतं, पण देववलं नाही.

आता इथे थोडं मागे जावं लागेल.

ही कादंबरी होस्टेलवर माझ्या वाट्याला आली त्याच महिन्यात मला एक स्थळ आलं होतं. आर्णीकडचा मुलगा, २२ एकर शेती, बी.ए. झालेला. पाहण्याच्या कार्यक्रमात सगळे पोहे खात असताना त्याने मला एकच प्रश्न विचारला, वाचायला काय आवडतं? मी उशीखाली लपवलेलं पुस्तक आठवून 'मृत्युंजय' असं सांगितलं. तो खूश झाला. त्यानेही वाचली होती. संध्याकाळी बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "कास्तकार नको." बाबा स्वतः कास्तकार. ते काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले. आणि मी रात्री कंदिलाच्या उजेडात टेक्सासच्या कास्तकारासाठी डोळे ओले करत बसले.

हे मला तेव्हा विसंगत वाटलंच नव्हतं. कॉर्ड हॅरिस हा शेतकरी आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही! तो नायक होता. शेतकरी म्हणजे बाबा.

पुढे नोकरीवाल्याशी लग्न झालं, नागपूरला आले, सुखात आहे. मी चुकले असं आजही म्हणत नाही. त्यानंतरच्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येत राहिलं ते तुम्ही वाचलंच आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पुढे कर्जमाफ्याही झाल्या. कादंबरीत अडचण शेवटच्या प्रकरणात सुटते आणि पुस्तक मिटतं. आमच्याकडे पुस्तक मिटत नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतं. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतल्याचा गदारोळ झाला, आणि उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, 'तेरवं' नाटकात काम केलेली, आमच्याच जिल्ह्यातली. शेवटच्या पानानंतर काय होतं ते ठाऊक असलेली बाई साहित्याच्या व्यासपीठावर उभी होती. मुली शेतकरी नवरा नको म्हणतात तेव्हा त्या चैनीसाठी म्हणतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे आठवावं.

पण दुसरी बाजू भिंतीपलीकडे खाटेवर पडलेली होती. ३१ वर्षांचा, निर्व्यसनी, कामसू. २०२४ साली 'नवरदेव बीएस्सी ॲग्री' नावाचा सिनेमा याच दुखण्यावर येऊन गेला. गावातली पोरं तो पाहून हसली आणि घरी येऊन गप्प बसली, असं वहिनी सांगत होती.

मी गेले होते त्याला कारणही हेच होतं. भाच्याचा बायोडाटा लिहायला मला बोलावलं होतं, घरात 'लिहिणारी' मीच ना! पहिल्या रात्रीच मी तो लिहून ठेवला होता. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'स्वतःचा व्यवसाय व शेती.' व्यवसाय म्हणजे काय, तर दोन म्हशींचं दूध डेअरीला जातं ते.

चौथ्या दिवशी सकाळी भाच्याने तो कागद परत आणून दिला. 'स्वतःचा व्यवसाय व' एवढ्यावर काट मारलेली. म्हणाला, "आत्या, त्या टेक्सासवाल्याची काही लपवालपवी नाई. मग आपली कायले?"

मला शरम वाटली. बाबा गोठ्यात गेले होते तेव्हा वाटायला हवी होती ती इतक्या वर्षांनी वाटली.

मग ओसरीत सगळ्यांसमोर नवा कागद लिहायला घेतला. शेती. १४ एकर, पैकी ४ एकर ओलीत. इथे वहिनीने मला थांबवलं. "ताई, त्या पुस्तकात लग्न झाल्यावर सातबारा कोनाच्या नावानं झाला?"

म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही.

"मंग कायचं प्रेम बाप्पा?"

मी आजवर वाचलेल्या कुठल्याही परीक्षणात हा प्रश्न कुणी विचारलेला आठवत नाही. आणि ओसरीत जी शांतता पसरली तिचं कारण टेक्सास नव्हतं. बाबांच्या मागे मी हक्कसोडपत्रावर सही करून माझं नाव काढून घेतलं, रीत म्हणून. वहिनीने ३३ वर्षं त्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला, आणि तिचं नाव कधी लागलंच नाही, तेही रीत म्हणून. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मांडली होती, शेतकऱ्याने थोडी जमीन बायकोच्या नावे करून द्यावी, उपकार म्हणून नाही, कर्ज फेडल्यासारखी. कितीतरी गावांत लोकांनी खरंच करून दिली. आमच्या घरात ती बातमी पेपरात वाचली गेली आणि तो पेपर डब्यांच्या फळीवर अंथरला गेला.

भाऊ दारातच उभा होता. त्याने ऐकलं. भाचा म्हणाला, "लिहा आत्या, दोन एकर लग्नानंतर बायकोच्या नावे." आणि बापाकडे पाहून म्हणाला, "पयले आईच्या."

भाऊ थोडा वेळ दुपट्ट्याने मान पुसत राहिला. मग म्हणाला, "पाहू."

आमच्याकडे 'पाहू' म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. पण तो 'नाही' म्हणाला नाही, हेही मी नोंदवून ठेवते.

बायोडाटा गेला. आत्तापर्यंत दोन फोन आले. एकाने विचारलं, मुलगा नोकरी नाही का करत? दुसरा फोन एका मुलीने स्वतः केला. तिने विचारलं, ते दोन एकर ओलिताचे की कोरडवाहू? वहिनीला ती पोरगी फार आवडली आहे. पुढचं काही ठरलेलं नाही.

पुस्तक मी तिथेच ठेवून आले. भाची वाचतेय म्हणे.