जोंगाच्या पोटातला गंज

जबलपूरला बनलेली माझी जुनी जोंगा. चेन्नईच्या पोस्टिंगमध्ये तिची चॅसी बाहेरून काळीकुळकुळीत दिसायची. एकदा हातोडीने ठोकत गेलो, तर एके ठिकाणी आवाज बद्द आला आणि स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. खारी हवा पोकळीत शिरली होती. रंग मात्र बाहेरच होता.

वेल्डिंग करून घेतलं. हवा मारून सुटा गंज काढला, दोन दिवस उन्हात वाळवलं, मग कॅव्हिटी वॅक्स. लांब नळी टोकापर्यंत घालायची आणि फवारत मागे ओढायची. मेण सांध्यांतून पाझरलं की समजायचं, पोचलं. शेवटी पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करायची, नाहीतर तेच मेण पाणी कोंडतं.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी चुना-गेरू मारण्यात आपण पटाईत. चॅसीला ते चालत नाही.